शालनच्या हातची फाइल

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर आम्ही दोघं खिडकीपाशी भांडत उभे होतो. आमचं एकत्र केलेलं शेवटचं काम तेच. भांडण मोठं नव्हतं, रोजचंच होतं.

भिसेगावात आमच्या वस्तीत पोरांसाठी अभ्यासिका बांधून झाली होती. दारावर स्टीलच्या पत्र्याची पाटी लागणार होती. पत्र्यातून अक्षरं आरपार कापायची आणि मागे दिवा लावायचा, म्हणजे अंधार पडला की अक्षरं उजळतील. अक्षरं माझ्या हातची. मी पेंटर, चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. मी ब्रशनं कागदावर 'सार्वजनिक अभ्यासिका' काढून दिलं आणि माझ्या बायकोनं, शालननं, ते कॉम्प्युटरवर घेतलं. आता ती फाइल खोपोलीला कटिंगवाल्याकडे जायची होती. त्याच्या मशीनचा प्रोग्रॅम वेगळा, आमचा वेगळा. एका प्रोग्रॅममधलं रेघांचं चित्र दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जसंच्या तसं पोचवणं हे शालनचं काम. त्यात तिचा हात धरणारा कर्जत-खालापुरात मला तरी कोणी दिसला नाही.

तिनं खिडकीच्या काचेवर दोन कागद एकावर एक धरले. खाली आमच्या प्रोग्रॅममधली प्रिंट, वर दुसऱ्या प्रोग्रॅममधून काढलेली. उजेडात अक्षरावर अक्षर बसतं का ते बघायचं. प्रत्येक फाइलीला ती असंच करायची. मी वरचे कोपरे धरून उभा, ती चष्मा कपाळावर नेऊन काचेला नाक लावून बघतेय. बसत होतं. पण अक्षरांत तिनं पूल टाकले होते.

पूल म्हणजे काय ते सांगतो. पत्र्यातून 'व' कापला की त्याच्या पोटातला तुकडा सुटा होऊन खाली पडतो. मग 'व' राहत नाही, नुसतं भोक राहतं. तो तुकडा पडू नये म्हणून पोटापासून बाहेरच्या पत्र्यापर्यंत बारीक पट्टी सोडायची, ती कापायची नाही. तो पूल. कारखान्यातल्या ड्रमवर नावं मारायला मी जुन्या एक्सरेच्या फिल्ममधून स्टेन्सिल कापायचो तेव्हा मीही पूल सोडायचो. मला कळत नव्हतं अशातला भाग नाही. पण ही माझी शेवटची पाटी होती, हात आता थरथरतो. माझ्या अक्षरांतून काड्या गेलेल्या मला बघवेनात.

"काढ त्या काड्या," मी म्हटलं.

"पोटं गळतील."

"मागनं काच लावू, तिच्यावर चिकटवू."

"चिकटवलेलं इथल्या पावसात किती दिवस ऱ्हातंय, तुमाला माहीत नाय?"

"अक्षरं माझी हायत."

"आन् फाइल माजी हाय," ती म्हणाली. "उद्या पोट पडलं तर लोक म्हणतील का, गायकवाड पेंटरचा व पडला? नाय. म्हणतील, शालनची फाइल चुकली. नाव माजं जाईल."

मी तोंड फिरवून बसलो. तिनं थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, मग खुर्चीवर बसली, पूल काढले, फाइल खोपोलीला पाठवली. फोनवर कटिंगवाल्याला म्हणाली, "साळुंकेदादा, मंगळवारी सकाळी लावा." मग मला म्हणाली, "घ्या. झालं तुमच्या मनासारखं. आता चा टाका."

चहा मी टाकला. साखर कमी हाय म्हणाली, पण प्याली. संध्याकाळी छातीत कळ आली. दवाखान्यात नेईस्तोवर गेली.

लोक भेटायला येतात, म्हणतात, फार चांगली होती हो ताई. चांगल्या बाया आमच्या आळीत दहा आहेत. शालन कामाला पक्की होती. मला तेवढंच सांगायचं आहे.

मी चौथी शिकलेला. ती दहावीपर्यंत गेली होती. बाजारात एक कंपोझिंगचं दुकान होतं, तिथं ती झाडू मारायला आणि पाणी भरायला जायची. झाडू मारता मारता मान वळवून स्क्रीनकडे बघायची. मालक जेवायला घरी गेला की खुर्चीवर बसायची. मालक समजूतदार होता, त्यानं बघून न बघितल्यासारखं केलं. पुढे त्यानं दुकान बंद केलं तेव्हा जुना कॉम्प्युटर तिला दिला. टेंपोतून ते खोकं घरी आलं त्या दिवशी मी घर डोक्यावर घेतलं. फ्लेक्स आल्यापासून माझे ब्रश डब्यात वाळत पडले होते.

"ह्या यंत्रानं माझा हात खाल्ला आन् तू त्याला घरात घेतीस?"

ती खोकं उघडत होती. मान वर न करता म्हणाली, "खाल्ला ना? मंग त्याच्याकडनंच काढून घेते."

दोन महिने मी त्या खोलीत पाय टाकला नाही. आता लाज वाटते, पण झालं ते झालं.

सुरुवातीला ती चुकली. एकदाच, पण चांगलीच चुकली. वस्तीतल्या एका लग्नाची पत्रिका तिनं कोरल नावाच्या प्रोग्रॅममध्ये बनवली आणि खोपोलीच्या प्रेसला पाठवली. तिथला फॉन्ट वेगळा. तिच्या फाइलीतल्या मराठी अक्षरांच्या जागी तिथं कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी उघडली. प्रेसवाल्याचा फोन आला, "वहिनी, नवरदेव कुठल्या देशाचा हाय?"

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी प्रेसमध्ये जाऊन त्यालाच विचारून शिकून आली. फाइल बाहेर जाण्याआधी अक्षरं 'कर्व्ह' करायची, म्हणजे अक्षराचं चित्र करून टाकायचं. मग ते कुठल्याही प्रोग्रॅममध्ये गेलं तरी मोडत नाही, कारण ते अक्षर राहिलेलंच नसतं, नुसता आकार असतो. फोटो असतील तर तेही फाइलीच्या आतच घालायचे. तेव्हापासून फाइल पाठवायच्या आधी ती म्हणायची, "सासरी निघालीय. पदरात सगळं बांधून द्या. तिथं मागायला तिला तोंड नाय." आणि फाइल पोचून पलीकडच्या माणसानं "बरोबर उघडली" असं सांगेपर्यंत घास घ्यायची नाही. माझं ताट वाढायची, आपलं झाकून ठेवायची. मी ओरडायचो, ती ऐकायची नाही.

प्रत्येक फाइलीच्या कोपऱ्यात ती एक इंचाचा चौकोन काढायची. त्याला साक्षीदार म्हणायची. प्रोग्रॅम बदलला की कधी कधी माप बदलतं, फुटाचं अक्षर बोटाएवढं होतं. मग फोनवर हिची उलटतपासणी, "दादा, माजा साक्षीदार किती दिसतोय? मोजून सांगा. अंदाजानं नको. पट्टी नाय? प्रेस चालवता आन् पट्टी नाय?"

मी त्या खोलीत पुन्हा गेलो ते एका 'ठ'मुळे. शेजारच्यांच्या मुलीची पत्रिका पुण्याहून कोणाकडून तरी बनून आली होती, सगळी अक्षरं कर्व्ह करून. छपाईला जायच्या दिवशी लक्षात आलं की मुलीच्या मामाचं, साठ्यांचं, नावच राहिलं. मामा रुसायला टपलेलाच होता. पुण्याचा माणूस फोन उचलेना. तो फॉन्ट शालनकडे नव्हता, त्यामुळे टाइप करता येईना. मग तिनं त्याच पत्रिकेतली अक्षरं वेचायला घेतली. 'सायंकाळी'मधला 'सा' घेतला, 'येथे'मधली मात्रा घेतली. पण अख्ख्या पत्रिकेत 'ठ' नाही.

खोलीतून हाक आली, "अहो, एक ठ पायजे."

मी बाहेरूनच म्हटलं, "यंत्राला माग."

"त्याच्याकडं नाय. असता तर तुमच्या तोंडाला लागले नसते."

गेलो. तिनं स्क्रीनवर बाकीची अक्षरं मोठी करून दाखवली. "असा पायजे. कमरेत बारीक आन् खाली भरलेला." मी डब्यातला ब्रश भिजवला. वाळून खडा झालेला, मऊ व्हायलाच अर्धा तास लागला. पाच 'ठ' काढले. तिसरा तिनं उचलला. "बरा हाय," म्हणाली. तिच्या तोंडून याहून जास्त स्तुती कधी निघाली नाही, कोणाचीच. स्कॅन करून तो तिनं रेघांत घेतला आणि मामाच्या नावात बसवला. लग्नात मामा पत्रिका खिशात घालून फिरत होता. मी मांडवाच्या खांबाला टेकून माझा 'ठ' बघत उभा होतो. नवरानवरी स्टेजवर कधी आली मला कळलं नाही.

त्यानंतर माझी सगळी अक्षरं तिनं एकेक करून घेतली. मी कागदावर काढायचो, ती ठिपक्यांत बसवायची. कॉम्प्युटरमध्ये वळणदार रेघ काढायला कडेनं ठिपके द्यावे लागतात. एक बटण दाबलं की यंत्र आपोआप रेघ काढून देतं, पण त्यात शेकडो ठिपके टाकतं. मग रेडियम कापायच्या मशीनचं पातं प्रत्येक ठिपक्याला अडखळतं आणि कड दातेरी येते. शालन ते बटण दाबायची नाही. स्वतः ठिपके द्यायची, मग एकेक काढून बघायची, रेघ हलली का? नाही हलली तर तो ठिपका गेला. ओठ हलत असायचे, मोजत असायची. माझा 'स' तिनं सतरा ठिपक्यांत बसवला होता. आनंद झाला तर मला सांगायची नाही, पाय हलवायची खुर्चीखाली.

स्वभावानं गोड नव्हती. कोणाचं काम वाईट असेल तर तोंडावर सांगायची. रिक्षातून बाजारात निघालो की दोन्ही बाजूंच्या पाट्यांचा पंचनामा सुरू. "त्या वेलांटीची शेपटी तुटलीय. ह्या डॉक्टरच्या नावातला अनुस्वार उडाला, कोनाच्या लक्षात नाय." रिक्षावाले तिला घाबरायचे. एकाच्या मागच्या काचेवरचं नाव तिनं रिक्षा थांबवून नव्यानं करून दिलं होतं. त्यानं मागितलं नव्हतं.

खालापूरच्या बाजूला एक मोठं रिसॉर्ट झालं. त्यांच्या बोर्डाचं काम कोणाच्या तरी ओळखीनं हिच्याकडे आलं. रिसॉर्टची निशाणी, म्हणजे लोगो, काढणारा माणूस मुंबईचा. तोवर शालननं घराच्या ओट्यावरच दुकान मांडलं होतं, तिथं तो लॅपटॉप घेऊन आला. इकडेतिकडे बघत म्हणाला, "काकू, तुमच्या या जुन्या कोरलमध्ये माझी फाइल ओपनच होणार नाही."

"उघडंल," शालन म्हणाली. "तुमी जुन्या व्हर्जनला सेव्ह करून द्या. पण तुमची ती सावली पांढऱ्या डब्यात येईल."

त्यानं हसून दिली. उघडली. अक्षरांमागची सावली खरंच पांढऱ्या चौकोनात अडकून आली होती. तिनं त्याला चहा दिला आणि कामाला बसली. सावलीचं वेगळं चित्र करून मागे ठेवलं, रंग उतरत जाणारी पट्टी पुन्हा बांधली, बाकीच्या रेघा तशाच ठेवल्या. मग उलट त्याच्याच लॅपटॉपवर, त्याच्याच प्रोग्रॅममध्ये उघडून दिली. तो मोठं करून बघायला लागला. अजून मोठं केलं. अक्षराची एक कड पूर्ण स्क्रीनभर झाली.

"अजून मोठं करा," शालन म्हणाली. "भिऊ नका."

जाताना त्यानं विचारलं, "कुठे शिकलात काकू?"

"झाडू मारता मारता."

त्याला वाटलं चेष्टा करतेय. मला मात्र त्या दिवशी ओट्यावर उभं राहून अख्ख्या भिसेगावाला ओरडून सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट सांगतो. ठाकूरवाडीच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे. तिथल्या बायांनी करवंदाचं लोणचं बाटल्यांत भरून विकायचं ठरवलं. त्यांच्यातल्या हिराबाईनं लेबलासाठी वहीच्या कागदावर पेनानं करवंदाची फांदी काढली होती. छापणाऱ्यानं ती बटण दाबून रेघांत घेतली आणि नमुना पाठवला. बाया तो नमुना घेऊन शालनकडे आल्या. सुंदर, गुळगुळीत फांदी होती. हिराबाई म्हणाली, "ही करवंद नाय. काटं कुटं गेलं?"

छापणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, काटे बारीक होते, प्रोग्रॅमनं कचरा समजून साफ केले. आता काट्यांसाठी कोण बसणार?

"मी बसते," शालन म्हणाली. मूळ कागद समोर ठेवून तिनं प्रत्येक काटा परत काढला. ठिपके कमी करणारी बाई ती, पण त्या फांदीला तिनं ठिपके वाढवून दिले. हिराबाई शेजारी स्टुलावर बसून सांगत होती, "ह्यो खाली वळतो. ह्यो दुहेरी हाय, दोन फुटतात." दुपार त्यातच गेली. मग ती फाइल सासरी गेली, पोचली, काट्यांसकट छापून आली. नंतर हिराबाईनं बाटली आणून दिली तेव्हा शालननं लोणचं बाजूला ठेवून आधी लेबल उजेडात धरलं आणि काटे मोजले.

पंधरा वर्षांत शेकडो फाइली गेल्या. ती पहिली पत्रिका सोडली तर एकही परत आली नाही. प्रेसवाले म्हणायचे, शालनताईची असेल तर न बघता लावा. तेच आता मला टोचायला लागलं होतं. न बघता लावा.

सोमवारी दुपारी तिला नेलं. वस्तीतली झाडून सगळी माणसं होती. अभ्यासिकेच्या कमिटीचे लोक म्हणाले, "बाबा, ताईची शेवटची पाटी आपल्या दारावर लागंल. लई मोठी गोष्ट हाय." मी मान हलवली. डोळ्यांसमोर तिची पाठ होती. रविवारी खुर्चीवर बसून ती एकेक पूल काढत होती तेव्हाची. प्रत्येक पुलापाशी ती जरा थांबायची, मी काही बोलतोय का बघायला. मी खिडकीबाहेर बघत होतो. सात वेळा थांबली ती.

मंगळवारी सकाळी उठलो, अंघोळ केली, खोपोलीची गाडी धरली. सोयरे म्हणाले, आज कुठं निघाला? काम हाय म्हटलं.

साळुंकेच्या शेडमध्ये पत्रा मशीनवर चढलेला होता. मला बघून तो म्हणाला, "काका, वहिनींचा फोन बंद येतोय. सुरू करू का इचारायचं होतं."

"ती गेली. परवा."

त्यानं हातातला फडका घडी करून ठेवला. शेडमध्ये गाणी लागली होती, ती बंद केली.

"फाइल उघड," मी म्हटलं. "पूल टाकायचेत."

त्यानं उघडली. बघितलं. "खरंच की. सातही पोटं सुटी हायत. मी तर फाइल वहिनींची म्हणून तशीच लावणार व्हतो. चुकून ऱ्हायलं का त्यांच्याकडनं?"

"तिनं टाकले होते. मी काढायला लावले. चूक पेंटरची हाय, हे सगळ्यांना सांग. फाइलीत चूक नव्हती."

मला माऊस धरता येत नाही. मी त्याच्या खुर्चीमागे उभा राहिलो आणि बोटानं दाखवत गेलो. एक 'व', दोन 'क', दोन 'स', दोन वेलांट्यांच्या कमानी. ज्या काड्या मला बघवत नव्हत्या त्या एकेक पाठ झाल्या होत्या. 'क'मध्ये तिनं पूल मध्यभागी टाकला नव्हता, वळण जिथं बारीक होतं तिथं, तिरपा टाकला होता. का ते मला साळुंकेला सांगताना कळलं. तिथून ब्रश उचलतो मी. त्या जागी अक्षर आपणहूनच थांबतं.

"रुंदी किती ठेवू?"

"तीन मिलिमीटर. तिनं तीनच ठेवली होती."

मशीन लागली. ठिणग्या उडत होत्या, साळुंके म्हणाला बाहेर बसा, मी बसलो नाही. काम झाल्यावर त्यानं आणि त्याच्या माणसानं पत्रा उभा केला, शेडच्या दाराकडे तोंड करून. उजेड आरपार आला. सगळी पोटं जागच्या जागी होती. साळुंकेनं कडेवरून अंगठा फिरवला, कुठं अडकला नाही.

मी पाटी टेंपोत उभी केली, मागे बसून दोन्ही हातांनी धरली, आणि भिसेगावला घेऊन आलो.